वखारवाल्यांशी लावलेली जोडी

तिसऱ्यांदा निवडून आल्या तरी त्यांना कोणी मॅडम म्हणत नसे. मतदारसंघात, विधानभवनात, अगदी मुख्यमंत्र्यांच्या दालनातसुद्धा त्या 'सिस्टर'च होत्या. राजकारणात येण्याआधी नदीकाठच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली होती, आणि आमदारकी आली तरी बोलण्यातला नर्सचा हुकमी सूर गेला नव्हता. सभागृहात कोणी उगाच घसा ताणू लागलं की सिस्टर चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं बघत. भले भले पुढारी सुई दिसल्यासारखे गप्प बसत.

त्यांचा मतदारसंघ नदीने मधोमध चिरलेला होता. दवाखाना अलीकडे, आणि निम्मी वस्ती पलीकडे. पूल नव्हता. येण्याजाण्याला एक सरकारी लाँच होती, आणि त्या लाँचचा मिस्त्री म्हणजे सिस्टरांचा नवरा. एकदा पलीकडून एका अडलेल्या बाळंतिणीला आणायला सिस्टर स्वतः गेल्या होत्या. परतताना लाँच वाळूत रुतली. नवरा इंजिनाशी झटत होता, सिस्टर फळ्यांवर गुडघे टेकून बाळ मोकळं करत होत्या. बाळ आलं, रडलं. आईचं रक्त मात्र थांबेना. दवाखान्याची पांढरी भिंत समोर दिसत होती, खिडक्या मोजता याव्यात इतकी जवळ. त्या बाईची सासू पुन्हा पुन्हा एवढंच विचारत होती, की आता अजून किती वेळ. तिला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा बाई गेलेली होती.

पलीकडे प्रसूतिगृह हवं म्हणून त्यानंतर सिस्टरांनी किती दारं ठोठावली याला गणती नाही. सगळीकडे एकच शब्द मिळे, 'बघू.' तो ऐकून ऐकून कान किटले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि निवडणुकीला उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेला सपाटून पडल्या, दुसऱ्या खेपेला आल्या. पुढे दोन सरकारं आली नि गेली, आश्वासनं मिळाली, पायाभरणीचा दगड बसवला गेला आणि गवतात बुडाला. यंदा प्रथमच प्रसूतिगृह खरोखर अर्थसंकल्पात आलं होतं. अर्थसंकल्प मंजूर व्हायचा तेवढा बाकी होता, आणि नेमका त्याच्या आधी विरोधकांनी सरकारवर अविश्वास ठराव आणला.

सरकारचं बहुमत फार नसलं तरी पुरेसं होतं, म्हणून कोणी घाबरलेलं नव्हतं. ठरावाच्या आधीच्या आठवड्यात विधानभवनाच्या वाचनालयात वखारवाले सिस्टरांना गाठायला आले. वखारवाले म्हणजे विरोधी बाकांवरचे सगळ्यात जुने आमदार. लाकडाची वखार मुलांनी केव्हाच विकली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सिस्टरांच्या प्रत्येक भाषणाला त्यांनी आजवर खोडा घातला होता, आणि प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर चहा पाजला होता.

खुर्चीत बसतानाच त्यांना धाप लागली. सिस्टरांनी आधी नखं पाहिली, मग पाय. नखं निळसर झाली होती. घोट्याशी मोज्याची कड मांसात रुतली होती.

वखारवाल्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. हृदयाची झडप गेली आहे. बाहेरगावचा मोठा सर्जन येणार तो नेमका ठरावाच्याच दिवशी, पुन्हा केव्हा येईल भरवसा नाही. पण त्यांच्या पक्षाला एक मत सोडवत नाही, आणि त्यांना स्वतःलाही. तेव्हा सिस्टरांनी जोडी लावावी. सभागृहात ही जुनी रीत होती. एका बाजूचा सदस्य अडचणीत असेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून बाहेर थांबायचा, म्हणजे दोन्हीकडचं एकेक मत वजा होऊन हिशेब तिथल्या तिथे. कायद्यात ती कुठे लिहिलेली नव्हती. शब्दावर चालायची.

"तुम्ही बाहेर बसणार असाल तर मी टेबलावर झोपतो," वखारवाले म्हणाले. "नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलतो आणि मत द्यायला येतो."

"असं आलात तर जिन्यातच राहाल."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर भूल घ्यायची माझी तयारी नाही."

सिस्टरांनी शब्द दिला. पक्षाच्या प्रतोदांना, म्हणजे मतदानाला माणसं हजर ठेवणं ज्यांचं काम, त्यांना लगेच जाऊन सांगितलं. प्रतोद सदा खोकल्याची गोळी चघळत असत. त्यांनी गोळी या गालातून त्या गालात सरकवली आणि मान हलवली. बहुमत होतं, एका मताने काय बिघडणार होतं?

ठरावाच्या दिवशी सकाळी सत्ताधारी पक्षाचे दोन आमदार उठले आणि थेट विरोधकांच्या बैठकीत जाऊन बसले.

सिस्टर विधानभवनात पोचल्या तेव्हा जिन्यात माणसं पळत होती. प्रतोदांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांनी सिस्टरांना दंडाला धरूनच एका खोलीत नेलं आणि दार लावलं. नवा हिशेब सरळ होता. सिस्टर बाहेर राहिल्या तर एका मताने सरकार पडणार. आत आल्या तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की अध्यक्ष आपलं मत सरकारच्या बाजूने टाकणार.

सिस्टर म्हणाल्या, की मी शब्द दिलाय आणि तुम्हाला विचारून दिलाय. प्रतोद म्हणाले, की परिस्थिती बदलली. सिस्टर म्हणाल्या, की मग त्यांच्या पक्षाला तसं कळवा, जोडी मोडली म्हणून उघड सांगा. प्रतोद नुसते हसले. कळवलं तर ते वखारवाल्यांना उचलून आणतील, मग आपण जिथल्या तिथे.

"आणि एक सांगू?" प्रतोद जवळ सरकले. "म्हाताऱ्याला ठाऊक होतं आपले दोघं फुटणार ते. म्हणून तर जोडी मागायला आला. तुम्हाला गुंडाळलं त्याने, सिस्टर."

 सिस्टरांना ती निळी नखं आठवली. नखं कोणाला गुंडाळता येत नाहीत. पण नखं खरी असूनही माणूस हिशेबी असू शकतो, हेही त्यांनी वॉर्डात पुष्कळ पाहिलं होतं.

ठराव दुसऱ्या दिवसावर ढकलता येतो का, हे विचारायला त्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांनी हात जोडले. मग सिस्टरांनी इस्पितळात फोन लावला. मनात असं होतं, की अजून ऑपरेशन सुरू झालं नसेल तर सरळ सांगून टाकावं, माझा शब्द मी परत घेते, काय ते ठरवा. फोनवर वखारवाल्यांची बायको आली.

"आत्ताच आत नेलं," ती म्हणाली. "भूल दिली. जाताना म्हणत होते, सिस्टर बाहेर बसल्यात, आता मला सभागृहाची काळजी नाही. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही हो."

सिस्टरांनी विचारलं, की भूल देणारे डॉक्टर कोण आहेत, रक्त किती बाटल्या सांगितलंय. ती सांगत राहिली आणि त्या ऐकत राहिल्या. जे सांगायला फोन केला होता ते तोंडातून निघालंच नाही.

भाषणं सुरू झाली होती. सभागृहाबाहेरच्या लॉबीत सिस्टर एका बाकावर बसून होत्या. विरोधी पक्षातले लोक आतबाहेर करताना त्यांच्याकडे बघून मान लववत. एक तरुण आमदार तर थांबून म्हणाला, की आमच्या बाजूला तुमचं फार नाव चाललंय. त्यांना ते चाबकासारखं लागलं.

मग मुख्यमंत्री स्वतः आले. सगळ्यांना दूर व्हायला सांगून ते शेजारी बसले. हा माणूस आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याची जास्तच भीती वाटे. त्यांनी दमदाटी केली नाही. पुढच्या वेळचं तिकीटही मधे आणलं नाही. एवढंच विचारलं, की विरोधी पक्षनेत्याने गेल्या महिन्यात काय जाहीर केलंय ते तुम्ही ऐकलंय ना? सिस्टरांनी ऐकलं होतं. लहान दवाखान्यांचे सगळे प्रस्ताव रद्द, त्याऐवजी शहरात एकच मोठं इस्पितळ.

"शब्द तुम्ही एका माणसाला दिलात," मुख्यमंत्री म्हणाले. "त्याच्या आधी पलीकडच्या बायकांना दिला होतात. मी तुम्हाला काही सांगत नाही. कोणता मोडायचा ते तुम्ही बघा."

ते उठून आत गेले.

सिस्टरांनी नवऱ्याला फोन केला. मागे इंजिनाची घरघर चालू होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि इंजिन बंद केलं.

"अहो, काहीतरी बोला."

"काय बोलू? आत गेलीस तर लोक तुला नावं ठेवतील. नाही गेलीस तर तू स्वतःला ठेवशील."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला नावं ठेवू? मला तुझ्याशी रोज जेवायचंय," तो म्हणाला. मग पुढे, हळू, "पण खरं सांगू का, मला अजून ती सासू दिसते."

मतदानाची घंटा सुरू झाली. ती वाजत असेपर्यंत दारं उघडी राहत, थांबली की बंद होत, आणि मग कोणालाही आत सोडत नसत. लॉबी भराभर रिकामी झाली. खांबाला टेकलेले प्रतोद पण गेले. दरवान तेवढा उरला. त्याने एक झडप लोटून घेतली, दुसरीच्या कडीवर हात ठेवला आणि सिस्टरांकडे पाहिलं. ओळखीचा माणूस होता, त्याच्या आईची मलमपट्टी त्या सुट्टीच्या दिवशी करत.  आत बोलवणं त्याचं काम नव्हतं.

 इस्पितळात या घटकेला छाती उघडलेली असेल, हे सिस्टरांना डोळ्यांसमोर दिसत होतं. कुठली हत्यारं कुठल्या ट्रेमध्ये, तेही. आणि त्याच्याच शेजारी लाँचच्या फळ्या दिसत होत्या. दोन्हीतलं एकही पुसता येईना. घंटा दमल्यासारखी झाली, आणि त्या उठल्या. आपण ठरवलं कधी हे पुढे त्यांना कधीच आठवलं नाही. पाय आत गेले.

दार मागे बंद झालं. आधी विरोधी बाकांवर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग त्या तरुण आमदाराने पाहिलं. तो उभा राहिला. दुसऱ्या कोणीतरी सांगितल्यासारखं म्हटलं, "अहो, त्यांच्या जोडीचा माणूस टेबलावर आहे." ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सिस्टर आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. मोजणी झाली. बरोबरी. अध्यक्षांनी सरकारच्या बाजूने मत टाकलं, आणि सत्ताधारी बाकांवर टाळ्या पडल्या. प्रतोदांनी सिस्टरांचा हात हातात घेऊन दाबला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पदराला पुसला.

ऑपरेशन चांगलं झालं. सिस्टर आठवडाभराने इस्पितळात भेटायला गेल्या. वहिनींनी, वखारवाल्यांच्या बायकोने, दारातच पाहिलं आणि वाट अडवली नाही, पण बसाही म्हटलं नाही. वखारवाले उशांना टेकून बसले होते. गळ्यापासून खाली पट्टी.

"माफी मागायला आलात?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "टाके बघायला आले."

वखारवाल्यांना हसू फुटलं आणि त्याने छातीत कळ आली. ती ओसरेपर्यंत सिस्टरांनी एक उशी त्यांच्या छातीशी धरली.

"तुम्हाला ठाऊक होतं," मग सिस्टर म्हणाल्या. "आमची माणसं येणार हे."

"एक येणार हे ठाऊक होतं. दुसऱ्याचं नाही."

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि पाय माझे खरेच सुजले होते, सिस्टर. तुम्हीच पाहिलेत." त्यांनी पाण्याचा पेला मागितला, दोन घोट घेतले. "मी तुमच्या जागी असतो तर बाहेरच बसलो असतो. मरेस्तोवर बसलो असतो. पण माझ्या मतदारसंघात नदी नाही. तेव्हा माझं बसणं स्वस्तातलं."

सिस्टरांनी टाके पाहिले. एका कोपऱ्याशी लाली होती, तिकडे लक्ष ठेवायला सांगितलं. निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या.

"पुन्हा येऊ नका," त्या म्हणाल्या. "ते हसतील तुमच्याशी, त्यांचा स्वभावच आहे. मला नाही जमणार. मी तुमचे उपकार मानले होते फोनवर."

सिस्टर जिना उतरून गेल्या.

अर्थसंकल्प मंजूर झाला. प्रसूतिगृह खरंच उभं राहिलं, आणि अपेक्षेपेक्षा लवकर, कारण मुख्यमंत्र्यांना ते विसरणं परवडणारं नव्हतं. पलीकडच्या बायकांनी सिस्टरांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. विधानभवनात मात्र त्या आल्या की विरोधी बाकांवरचं बोलणं थांबे. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या स्वतःच्या पक्षातले लोकही त्यांच्यादेखत जरा जपून बोलू लागले. आणि जोडी लावायची रीत संपली. कोणी ठरवून संपवली नाही, पण कोणी कोणाला विचारेना. त्या वर्षी एक आमदार वडिलांना अग्नी देऊन तसाच ओल्या कपड्यांनिशी मतदानाला आला. एक बाई तान्ह्या लेकराला लॉबीत बहिणीकडे देऊन आत गेली. लेकराचं रडणं दारातून ऐकू येत होतं. सिस्टरांनी ते सगळं पाहिलं. कोणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही. गरजच नव्हती.

टाक्याची ती लाली पुढे चिघळली. वखारवाले महिनोन्‌महिने आतबाहेर करत राहिले. पुढच्या अधिवेशनात एका मोठ्या विधेयकावर मतदान आलं तेव्हा त्यांच्या पक्षाने त्यांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. हाताला सलाईन लावलेलं होतं. बरोबर आलेल्या नर्सने बाटली उंच धरली होती. दाराशी दरवानाने तिला अडवलं. सभागृहात सदस्याखेरीज कोणालाही जाता येत नाही. वखारवाल्यांच्या पक्षाच्या एकाने ती बाटली घेतली आणि खुर्ची आत ढकलली.

सिस्टर समोरच्या बाकांवरून पाहत होत्या. त्या माणसाला बाटली धरता येत नव्हती. बोलण्याच्या भरात हात खाली येई, नळीत रक्त उलटं चढे. मग तो दचकून बाटली वर करी. वखारवाल्यांचा हात सुईपाशी फुगायला लागला होता. औषध शिरेत न जाता मांसात उतरत होतं. हे त्या अख्ख्या सभागृहात एकट्या सिस्टरांना कळत होतं. भाषण चालू होतं. घंटा अजून व्हायची होती.

त्या उठल्या आणि मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे गेल्या. भाषण करणारा मंत्री थांबला. अध्यक्षांनी जागेवर बसायला सांगितलं. विरोधी बाकांवरून कोणीतरी म्हणालं, की आता काय उरलंय करायचं. तो तरुण आमदार मधे येऊन उभा राहिला.

"सुई निघालीय," सिस्टर त्याला म्हणाल्या. "बाजूला व्हा."

तो हलला नाही. त्याने वखारवाल्यांकडे पाहिलं. वखारवाल्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. सिस्टरांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी तो सुजलेला हात खुर्चीच्या दांड्यावर पुढे ठेवला.

सिस्टरांनी गुडघे टेकले. नळी बंद केली, चिकटपट्टी सोडवली, सुई काढून अंगठ्याने दाबून धरलं. नर्सला दारातून कापूस आणि नवी सुई द्यायला सांगितलं. दुसऱ्या हाताला शीर शोधली. म्हाताऱ्या शिरा निसटतात, दोनदा हुकली, तिसऱ्यांदा लागली. सगळं सभागृह बघत होतं, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. थेंब नीट पडायला लागले तेव्हा त्यांनी बाटली आपल्याच हातात घेतली, कारण दुसऱ्या कोणाला ती धरता येत नव्हती.

घंटा वाजली, थांबली, दारं बंद झाली. अध्यक्षांनी विधेयकाच्या बाजूचे सदस्य उभे राहा म्हटलं. सिस्टर उभ्याच होत्या, विरोधकांच्या बाकांमध्ये, बाटली धरून. मोजणाऱ्याने घोटाळून विचारलं, की तुम्हाला कुठे धरायचं?

"सरकारकडे," त्या म्हणाल्या.

मग विरोधातले उभे राहा म्हटल्यावर वखारवाल्यांनी बसल्या जागी मोकळा हात वर केला. सिस्टरांनी नळी ताणली जाऊ नये म्हणून बाटली थोडी जवळ आणली. सरकार जिंकलं. बाटली संपायला अजून वेळ होता, म्हणून लोक बाहेर पडले तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. दार उघडल्यावर लॉबीत थांबलेल्या वहिनी उंबऱ्याशी आल्या, आत काय चाललंय ते पाहिलं, आणि बाटली घ्यायला निघालेल्या नर्सला हाताने थांबवून भिंतीशी जाऊन बसल्या.